मालवणहून लंडनच्या एजंटांना

मराठीत कादंबरी लिहिणाऱ्याला साहित्यिक एजंटाची, म्हणजे लेखकाच्या वतीने प्रकाशकांशी बोलणी करणाऱ्या मध्यस्थाची, गरज सहसा पडत नाही. हस्तलिखित पूर्ण झाले की ते प्रकाशकाकडे जाते, आणि बहुधा एकटे जात नाही. त्याच्याबरोबर कुणाचा तरी फोन जातो, एखाद्या दिवाळी अंकात छापून आलेल्या कथेची आठवण जाते, संमेलनाच्या मांडवात झालेली ओळख जाते. यात मला काही गैर वाटत नाही. मूळच्या आजगावच्या काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढून जी परंपरा सुरू केली, ती शंभर वर्षांहून अधिक काळ टिकली आहे ती लेखक, संपादक आणि वाचक यांच्यातल्या जिव्हाळ्याच्या आधारावरच. तरीही गेली काही वर्षे मी मालवणहून लंडन आणि न्यूयॉर्कमधल्या अशा एजंटांना पत्रे लिहीत आहे, ज्यांनी मालवणचे नाव ऐकलेले असण्याचे काही कारण नाही, आणि असे का करावेसे वाटले ते मला नीट मांडून सांगायचे आहे.

माझी कादंबरी मालवण तालुक्यातल्या एका घराची आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईत गिरणी संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. त्या संपाविषयी जे लिहिले गेले, ते बहुतेक लालबाग-परळच्या बाजूने. दर महिन्याला येणारी मनीऑर्डर जिथे यायची थांबली, त्या घरांच्या बाजूने तो मला फारसा वाचायला मिळाला नाही. चाकरमानी मुंबईत, गावकरी मंडळाच्या खोलीत; इकडे त्याची आई, बायको, भावजय, आणि पोस्टमन वाट वाकडी करून पुढे निघून जातो ती दुपार, असा या कादंबरीचा विस्तार आहे. ती मी आधी मराठीत लिहिली. कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवत असल्यामुळे ती भाषा रोज वापरात होती, म्हणून नंतर तीच कादंबरी इंग्रजीत लिहिली. एकेक वाक्य उचलून पलीकडे ठेवले नाही, घर आणि माणसे तीच ठेवून ती पुन्हा सांगितली.

मराठी मसुदा ज्यांनी वाचला, त्या जवळपास सर्वांच्या घरातले कुणी ना कुणी गिरणीत होते. वाचताना त्यांचे डोळे भरून आले. पण ते माझ्या वाक्यांमुळे भरून आले की त्यांच्या स्वतःच्या आठवणींमुळे, हे मला कोणत्याही प्रकारे ठरवता येईना. माझ्या काकींनी हस्तलिखित मिटून ठेवले आणि त्या त्यांच्या दिरांविषयी बोलू लागल्या. कादंबरीविषयी त्या दिवशी एक शब्दही निघाला नाही. एखाद्या लेखिकेला याहून मोठी दाद मिळू शकत नाही, असे मला त्या वेळी वाटले आणि आजही वाटते, परंतु त्या दादेने माझ्या प्रश्नाचे उत्तर मिळत नव्हते. ज्याच्याकडे या संपाची कोणतीही आठवण नाही, ज्याला माझे आडनाव वाचून माझे गाव कळत नाही, आणि ज्याला मला बरे वाटावे म्हणून काही बोलण्याची गरज नाही, अशा माणसाने ही पाने वाचावीत आणि ती त्याच्यापर्यंत पोहोचतात का ते सांगावे, ही माझी खरी इच्छा होती. परदेशात पुस्तक निघावे ही आकांक्षाही अर्थातच आहे, पण ती या इच्छेच्या मागून आली.

एजंट हा व्यवसाय तसा जुना आहे. लंडनमध्ये १८७५ च्या सुमारास ए. पी. वॉट यांनी लेखकांच्या वतीने प्रकाशकांशी बोलणी करण्यास सुरुवात केली आणि मिळालेल्या पैशांतून दहा टक्के ठेवून घेण्याची पद्धत पाडली. आज हे प्रमाण एजंटाच्या स्वतःच्या देशातल्या विक्रीवर साधारण १५ टक्के आणि परदेशी व अनुवादाच्या हक्कांवर साधारण २० टक्के असते. तिथल्या बऱ्याच मोठ्या प्रकाशनसंस्था लेखकाने थेट पाठवलेले हस्तलिखित स्वीकारत नाहीत, त्यामुळे एजंट हाच पहिला वाचक ठरतो. तो पटला तरच कादंबरी पुढे सरकते.

या संदर्भात आर. के. नारायण यांची हकिकत नेहमी सांगितली जाते. पहिल्या कादंबरीचे हस्तलिखित लंडनच्या प्रकाशकांकडून परत येत राहिले, तेव्हा त्यांनी ऑक्सफर्डला शिकत असलेल्या आपल्या मित्राला ते दगड बांधून थेम्समध्ये बुडवून टाकायला कळवले. मित्राने ते बुडवले नाही. त्याने ते इंग्रज कादंबरीकार ग्रॅहम ग्रीन यांना वाचायला दिले आणि ग्रीन यांच्या शिफारशीमुळे १९३५ मध्ये ते पुस्तक लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. ही गोष्ट चिकाटीची म्हणून सांगतात, पण मला तिच्यातल्या दोन वेगळ्या बाबी महत्त्वाच्या वाटतात. एक म्हणजे ग्रीन यांचा लेखकाशी आधीचा कोणताही परिचय नव्हता आणि त्यांच्यासमोर होती ती फक्त पाने. दुसरी म्हणजे ती पाने त्यांच्यापर्यंत नेणारा एक मित्र तिथे हजर होता. आमच्यापैकी बहुतेकांचा ऑक्सफर्डमध्ये कुणी मित्र नसतो. अनोळखी लेखकांसाठी उघडी ठेवलेली एजंटांची टपालपेटी त्या मित्राची जागा भरून काढते, आणि म्हणूनच या पद्धतीविषयी मला मनापासून आदर आहे. पूर्वी परतीच्या टपालखर्चासाठी आंतरराष्ट्रीय उत्तर कुपन मिळवून पाकिटात घालावे लागे. आता सगळे ईमेलने किंवा संकेतस्थळावरच्या अर्जाने होते आणि पाठवण्यास खर्च काहीच येत नाही.

नियम मात्र काटेकोर आहेत, आणि ते प्रत्येक एजन्सीच्या संकेतस्थळावर वाचून घ्यावे लागतात. ब्रिटनमध्ये साधारणपणे एक पत्र, एक-दोन पानांचा कथासार आणि पहिली तीन प्रकरणे किंवा सुमारे दहा हजार शब्द मागतात. अमेरिकेत पत्रावर भर अधिक असतो. ते तीनशे शब्दांच्या आसपास असावे आणि सोबत पहिली पाच-दहा पानेच जोडावीत अशी अपेक्षा असते. कादंबरी पूर्ण लिहून झालेली असल्याशिवाय पत्र पाठवू नये, कारण एजंटाला सुरुवात आवडली तर तो लगेच उरलेली मागतो. एकाच वेळी निरनिराळ्या एजन्सींना पाठवणे सर्वमान्य आहे, मात्र एका एजन्सीतल्या एकाच एजंटाला लिहावे आणि कुणी होकार दिला तर बाकीच्यांना तसे कळवावे. आपल्याकडे पुस्तकाची लांबी पाने आणि फर्म्यांत बोलली जाते. तिथे फक्त शब्दसंख्या विचारतात, आणि पहिल्या कादंबरीसाठी सत्तर हजार ते एक लाख शब्द हे प्रमाण सोयीचे मानले जाते.

पत्र लिहिताना मला सर्वांत जास्त वेळ लागला तो एक सवय सोडायला. आपली पत्रे ‘सादर नमस्कार’ने सुरू होतात, मग क्षेमकुशल येते, मग ‘माझा हा अल्पसा प्रयत्न गोड मानून घ्यावा’ अशी विनंती येते, आणि मूळ मुद्दा तिसऱ्या परिच्छेदात कुठेतरी सापडतो. ही नम्रता खोटी नसते. मोठ्यांपुढे आपले काही ठेवताना मान लववावी असे आपल्याला लहानपणापासून शिकवलेले असते आणि मी ते माझ्या विद्यार्थ्यांनाही शिकवते. पण ज्या माणसासमोर त्या आठवड्यात शेकडो पत्रे आहेत, त्याला कादंबरीचे नाव, प्रकार, शब्दसंख्या, ती कुणाची गोष्ट आहे, त्या व्यक्तीला काय हवे आहे आणि ते मिळण्याच्या आड काय येते, एवढे पहिल्या काही ओळींत कळायला हवे. विनय ठेवायचाच असेल तर तो नेमकेपणातून दाखवता येतो: त्याने कोणत्या प्रकारची पुस्तके स्वीकारली आहेत ती खरोखर वाचून, आणि त्याच्या नावाचे स्पेलिंग बरोबर लिहून.

कथासाराचेही तसेच. त्यात शेवट सांगावा लागतो. हे अनेकांना खुपते, मलाही सुरुवातीला पटले नव्हते, पण कारण सरळ आहे: लेखकाला कादंबरी शेवटापर्यंत नेता आली आहे की नाही, हे एजंटाला त्या एका पानावरून पाहायचे असते. माझ्या कादंबरीतले सगळे पाणंद, न्हाणीघर, माजघर गळून जेव्हा कथासारात केवळ कोणी काय ठरवले आणि त्यामुळे काय घडले एवढेच उरले, तेव्हा धाकट्या जावेचे एक मोठे प्रकरण त्यात कुठेच बसत नाही, हे मला दिसले. ते प्रकरण मी काढले नाही, कारण ते तिथे का आहे हे मला ठाऊक होते. परंतु त्याची जागा बदलली.

पत्रात आपल्या कादंबरीच्या जवळची, गेल्या चार-पाच वर्षांत निघालेली एक-दोन पुस्तके सांगायची असतात. कोकणात राहून हे जमवणे कष्टाचे आहे. रत्नागिरीचे जिल्हा नगर वाचनालय १८२८ पासून चालू आहे आणि या किनाऱ्यावरच्या वाचणाऱ्या माणसांच्या कित्येक पिढ्या अशा वाचनालयांनी घडवल्या, पण गेल्या वर्षी लंडनमध्ये निघालेली एखाद्याची पहिली कादंबरी तिथे मिळेल अशी अपेक्षा करता येत नाही. ती मी फोनवर ई-पुस्तक म्हणून वाचते. या निमित्ताने आपल्या समकालीनांचे जे वाचन झाले, ते एरवी झाले नसते.

वेळेचेही गणित आहे. ऑक्टोबरात फ्रँकफुर्टचा ग्रंथमेळा असतो, वसंतात लंडनचा. त्यांच्या आधीचे आठवडे एजंट जुन्या लेखकांच्या कामात बुडालेले असतात, आणि ऑगस्टमध्ये तिकडे सुट्ट्यांमुळे बरेच काम मंदावते. आमच्याकडे जून-जुलैमध्ये वीज आणि नेटवर्क यांचा भरवसा नसतो, आणि गणपतीत घर माणसांनी भरलेले असते. म्हणून मी लंडनचा मेळा उलटून गेल्यावर, आंब्याच्या हंगामात पत्रे पाठवते. महाविद्यालयाला सुट्टी असते, पहाटे घर शांत असते, आणि लंडन त्या दिवसांत आपल्या साडेचार तास मागे असल्यामुळे आपण दुपारी पाठवलेले पत्र तिथे सकाळच्या कामाच्या वेळी पोहोचते.

मग वाट पाहणे सुरू होते. बऱ्याच एजन्सी स्पष्ट लिहून ठेवतात की आठ किंवा बारा आठवड्यांत उत्तर आले नाही तर नकार समजावा. हे स्वीकारायला मला जड गेले, कारण आमच्या गावात न दिलेले उत्तर हा अपमान मानतात. शेजारचे आबा, ज्यांनी स्वतः गिरणीत वीस-बावीस वर्षे काढली, ते येता-जाता विचारत, “गो बाय, लंडनाक पत्र धाडलंस, त्येचो जबाब कधी येतलो?” आणि जबाब न येणे हाच जबाब असतो, हे त्यांना समजावून सांगणे मला कधी जमले नाही. पण मी त्या एजंटांच्या बाजूनेही विचार केला आहे. एजंटाचे उत्पन्न विकल्या गेलेल्या पुस्तकांच्या टक्केवारीतून येते. न स्वीकारलेल्या हस्तलिखितांचे वाचन तो विनामोबदला, बहुधा संध्याकाळी नाहीतर सुट्टीच्या दिवशी करतो. त्याने प्रत्येकाला सविस्तर लिहावे असे म्हणणे म्हणजे त्याने वाचणेच कमी करावे असे म्हणणे होईल, आणि मला त्याचे वाचन हवे आहे.

काहींनी मात्र लिहिले, आणि त्यांपैकी लंडनच्या एका बाईंचे पत्र मी कधी विसरणार नाही. त्यांनी मागवून घेऊन संपूर्ण कादंबरी वाचली होती. घरातल्या बायका त्यांना जवळच्या वाटल्या होत्या. दोन अडचणी त्यांनी मांडल्या: पहिल्या प्रकरणात इतकी माणसे एकदम येतात की कोण कुणाची कोण हे कळेपर्यंत धागा सुटतो, आणि संपाचे सगळे नाट्य मुंबईत घडत असताना कथा गावातच का राहते, ती गिरणगावात नेली तर अधिक पकड घेणार नाही का. शेवटी नम्रपणे नकार होता.

या दोन मुद्द्यांवर मी जितका विचार केला, तितका कादंबरी लिहितानाही केला नसेल. पहिल्या मुद्द्याबाबत आधी वाटले की हे तर परक्या वाचकाचे अडखळणे आहे. आम्हाला चुलत, मावस, आते अशी वीस नाती एका दमात कळतात. मग मी तेच प्रकरण कणकवलीच्या एका मैत्रिणीला, ती मालवणी असूनही, एक प्रश्न न सुचवता वाचायला दिले. तिसऱ्या पानावर ती म्हणाली, “अगं, ही सुमन कुणाची सून?” तेव्हा प्रश्न देशाचा नव्हता, लिखाणाचा होता. आता पहिल्या प्रकरणात घरात फक्त तिघीजणी आहेत आणि बाकीची माणसे जशी दारातून येतात तशीच पानावर येतात. दुसरा मुद्दा मी अजिबात स्वीकारला नाही. संप मुंबईत झाला हे खरे, पण माझी कादंबरी संपाची नसून वाट पाहण्याची आहे, आणि ती वाट गावातच पाहिली गेली. मनीऑर्डर न येणाऱ्या घरात भाताचे बी कुठून आणायचे, कुणाचे दागिने सोनाराकडे जायचे, शाळेत जाणाऱ्या कोणत्या पोरीचे नाव काढायचे हे निर्णय लालबागच्या सभेत झाले नाहीत, चुलीपुढे झाले. कथा तिकडे नेली तर पकड येईल कदाचित, पण ती दुसऱ्या कुणाची तरी कादंबरी होईल.

परदेशी एजंटाच्या प्रतिक्रियेतले काय घ्यावे आणि काय सोडावे, याची एकच कसोटी मला पुढे उपयोगी पडली. तोच अडथळा आपल्या गावच्या जाणत्या वाचकालाही जाणवतो का? जाणवत असेल तर तो दुरुस्त करावा, लगेच आणि कुरकुर न करता. जाणवत नसेल, तर तो अडथळा म्हणजे त्या वाचकाच्या आणि आपल्या जगांमधले खरे अंतर असते, आणि ते पार करायला त्याला मदत करणे हे पत्राचे व संपादनाचे काम आहे, कथानक वाकवण्याचे नव्हे. श्री. ना. पेंडसे यांनी ‘गारंबीचा बापू’ लिहिली ती दापोली-हर्णैच्या मातीला जराही न सोडता. तरी ती इंग्रजीत गेली, आणि तिचा अनुवाद इयन रेसाइड यांनी केला, जे लंडन विद्यापीठात मराठी शिकवत असत. एका अभ्यासकाच्या मराठीवरच्या प्रेमामुळे ते झाले, बाजाराच्या मागणीमुळे नाही. असे अभ्यासक आता विरळ आहेत, म्हणून बाजाराशी बोलणे आले. पण गारंबी गारंबीच राहिली म्हणून तिचे काही बिघडले नाही, हे मी स्वतःला पुन्हा पुन्हा सांगते.

केवळ मराठीत लिहिणाऱ्यांनी या वाटेला जावे का, असे मला कधी कधी विचारले जाते. त्यांच्यासाठी अनुवादकाचा मार्ग अधिक मोकळा झाला आहे असे मला वाटते. २०२२ मध्ये गीतांजली श्री यांच्या हिंदी कादंबरीच्या आणि २०२५ मध्ये बानू मुश्ताक यांच्या कन्नड कथांच्या इंग्रजी अनुवादाला आंतरराष्ट्रीय बुकर पुरस्कार मिळाला. पन्नास हजार पौंडांचा तो पुरस्कार लेखक आणि अनुवादक यांच्यात समान वाटला जातो, आणि ही दोन्ही पुस्तके ब्रिटनमध्ये छोट्या, स्वतंत्र प्रकाशकांनी काढली होती. चांगला अनुवादक मिळवून पन्नास पानांचा नमुना तयार करणे, तो आधी भारतातल्या इंग्रजी प्रकाशकाला दाखवणे, आणि मग पलीकडे पाहणे, असा तो क्रम आहे. मराठीत असे पाहिजे तितके अनुवादक नाहीत, आणि जे आहेत त्यांना मिळणारा मोबदला फार तुटपुंजा आहे. याबद्दल आपल्या साहित्यसंस्थांनी काही करावे असे मला कळकळीने वाटते.

पैशांच्या बाबतीत एक गोष्ट ठामपणे सांगते, कारण आमच्याच जिल्ह्यातल्या एका निवृत्त शिक्षकांकडून स्वतःला परदेशी एजंट म्हणवणाऱ्या कुणीतरी ‘वाचन शुल्क’ म्हणून मोठी रक्कम काढली. खरा एजंट वाचण्यासाठी पैसे घेत नाही. ब्रिटनमधली, १९७४ मध्ये स्थापन झालेली असोसिएशन ऑफ ऑथर्स एजंट्स आणि अमेरिकेतली एजंटांची संघटना या दोन्ही आपल्या सदस्यांना असे शुल्क घेऊ देत नाहीत. पैसे प्रकाशकाकडून एजंटामार्फत लेखकाकडे येतात, उलट दिशेने कधीही जात नाहीत. पुस्तकासाठी प्रकाशकाने कबूल केलेली आगाऊ रक्कमही एकदम मिळत नाही. करारावर सही झाल्यावर, अंतिम हस्तलिखित दिल्यावर आणि पुस्तक निघाल्यावर अशा टप्प्यांनी ती येते. अमेरिकेतून येणाऱ्या मानधनावर एरवी ३० टक्के कर कापला जातो. डब्ल्यू-८बेन हा अमेरिकी करखात्याचा अर्ज भरून दिला तर भारत आणि अमेरिका यांच्यातल्या करविषयक करारानुसार तो १५ टक्क्यांवर येतो.

आणि होकार आलाच, तर करारात कोणते प्रदेश आणि कोणत्या भाषा दिल्या जात आहेत ते शब्दशः वाचावे लागेल. ब्रिटिश प्रकाशक बहुधा राष्ट्रकुलातले सगळे देश मागतात आणि त्यांत भारत येतो. भारतीय उपखंडाचे हक्क वेगळे ठेवून ते इथल्या प्रकाशकाला देता येतात का, हे एजंटाला पहिल्याच बोलण्यात विचारायचे मी ठरवून ठेवले आहे. मराठीचे हक्क मी कुणालाच देणार नाही, आणि माझ्या पत्रात तसे एक वाक्य आता कायमचे असते. मराठी हस्तलिखितही मी तिकडच्या उत्तरासाठी अडवून ठेवलेले नाही. ते मुंबईच्या एका प्रकाशकाकडे वाचनासाठी दिले आहे, बदललेल्या पहिल्या प्रकरणासह, आणि सोबतच्या पत्रात कुणाच्याही ओळखीचा उल्लेख केलेला नाही.